बुजवलेलं पाणी

माय, त्या उन्हाळ्यात आपल्या गावात आमची भोकं पाडायची मशीन कशासाठी आल्ती, ते मागच्या महिन्यात मी वस्तीवर सांगून टाकलं. तू जाऊन चौदा वर्षं झाली. विहारासमोरच्या ओट्यावर दहा-बारा माणसं होती, त्यातली निम्मी त्या उन्हाळ्यात जन्मलेलीही नव्हती. समोरच्या घरची मावशी तेवढी जुनी. तिला आता नीट दिसत नाही. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुझी माय तर म्हणली व्हती, तिचंच ऐकण्यात चुकलं म्हणून." मी म्हटलं, "न्हाई मावशी, तिनं बराबर ऐकलं होतं. मीच खोटं बोललो." काठीवर हनुवटी टेकून ती म्हणाली, "मंग आत्ता कोणाला सांगून राह्यला?" घरी आल्यावर हे लिहायला बसलो.

वडील लवकर गेले आणि तू मला विहिरी खोदायच्या मजुरीवर वाढवलंस. सुरुंग उडाला, धूर बसला की तू खाली उतरायचीस, पाटी भरून डोक्यावर घ्यायचीस आणि कडेच्या पायऱ्यांनी वर यायचीस. बहात्तरच्या दुष्काळात तर वाटूरच्या आसपासची एक विहीर तुम्ही बायकांनी सोडली नसेल. त्यामुळे खडक तुला आतून माहीत होता. वर मुरूम, खाली भोकाभोकांचा ठिसूळ मांजऱ्या, त्याखाली काळा कातळ, मधेच तांबड्या मातीचा पट्टा. कुठं पाणी असेल ते तू दगडावर हात ठेवून सांगायचीस. जालना वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी औरंगाबादला दगडांचंच शास्त्र शिकत होतो. वर्गात पहिल्यांदा खडकांचे तुकडे मांडले तेव्हा सगळ्यांत आधी मी ओळखले. प्राध्यापकांनी विचारलं, कुठं शिकलास? मी म्हटलं, पुस्तकात. ही माझी लबाडी तुला माहीत नाही. तुझं नाव घ्यायची मला लाज वाटली होती.

नोकरी लागली ती परराज्यात. काम असं होतं: अणुवीज केंद्रातून जो जहाल कचरा निघतो, तो काचेत वितळवून, पोलादी डब्यांत बंद करून जमिनीखाली खोल खडकात कायमचा ठेवायचा. हजारो वर्षं पाणी त्याला शिवता कामा नये. देशात असा खडक कुठं आहे ते शोधायचं. ठिकठिकाणी बारीक भोकं पाडून खडक वर काढायचा आणि तपासायचा. आपल्याकडचा काळा कातळही बघायचं ठरलं आणि ऑफिसात मीच नकाशावर आपल्या गावामागच्या माळाकडं बोट दाखवलं. तिथं काही पुरायचं ठरलं नव्हतं, नुसता खडक बघायचा होता. पण कशासाठी बघतोय याची गावात वाच्यता करू नका, असं साहेबांनी बजावलं होतं.

साहेब धरून आम्ही पाच जण आलो. तू म्हणालीस, माझ्या घरी लेक आल्यावर बाकीचे खानावळीत कशाला जेवतील? दुसऱ्या दिवशी सकाळी तू चुलीपुढं बसली आहेस. तव्यावर भाकरी आहे, परातीत दुसरी थापून तयार आहे. मी दारात बूट घालतोय. तू विचारतेस, "पाण्यासाठीच करून राह्यले ना तुम्ही हे?" मी बुटाची नाडी बांधतो. मान वर करतो आणि म्हणतो, "हौ."

एवढंच. पण आमच्या मशीनला पाणी लागायचं. भोक पाडताना वरून सतत पाणी सोडावं लागतं, नाहीतर आतला दांडा तापून अडकतो. टँकर दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी आलाच नाही. सरपंचांनी गावची विहीर द्यायला साफ नकार दिला, आणि उन्हाळा बघता त्यांचं काही चुकलं नव्हतं. संध्याकाळी तू आपल्या वस्तीच्या बायका गोळा केल्यास. मी भिंतीआड उभा होतो. "रोज चार टिपाडं द्या," तू म्हणत होतीस. "माझ्या लेकानं सांगितलंय, पाण्यासाठीच हाय. आज दिलं तर उद्या वस्तीवर पाणी येईन." मावशी म्हणाली, "अन् न्हाई लागलं तर?" तू म्हणालीस, "मंग मला इचारा." आपल्या विहिरीला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. बायका पहाटे रांग लावत, आणि त्यातली पिंपाएवढाली चार टिपाडं माझ्या मशीनला देत.

खडकाच्या मनगटाएवढ्या जाड कांड्या वर यायच्या, त्या आम्ही लाकडी पेट्यांत ओळीनं मांडायचो. एकदा तू जेवणाचं टोपलं घेऊन माळावर आलीस आणि त्या पेट्यांजवळ बसलीस. एकेक कांडी हातानं चाचपत गेलीस. एका ठिकाणी थांबलीस. दगडाला बारीक चीर होती, चिरेला गंजासारखा तांबूस डाग. "इथून पाणी गेल्तं," तू म्हणालीस. "अजून खाली जा, भेटंल." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशीच्या वहीत त्यांनी नेमकं तेच लिहिलं होतं, पण त्यांच्या दृष्टीनं ती वाईट बातमी होती. माळावर उन्हात बसून तू खूश झालीस, आणि मी तुझ्या शेजारी उभा राहून नुसता हसलो.

नवव्या दिवशी पाणी लागलं. खाली दबलेलं होतं, ते आपोआप वर आलं आणि पाइपाच्या तोंडावरून सांडू लागलं. पोरं ओरडत वस्तीवर पळाली. बायका घागरी, कळश्या, जर्मनची पातेली, जे हाताला लागेल ते घेऊन धावत आल्या. मावशीनं ओंजळ भरून पाणी तुझ्या तोंडावर उडवलं. तू हसत होतीस, तुझा पदर भिजला होता. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही जागा बाद. भोक बंद करून घ्या, उद्या निघायचं." नियम तसाच होता. भोक उघडं ठेवलं तर वरचं घाण पाणी खाली उतरतं, आणि ते इतकं अरुंद होतं की त्यात हातपंप बसला नसता. हे सगळं बरोबर होतं. पण किती खोलीवर पाणी आहे ते मला माहीत होतं. तेवढं कागदावर लिहून पंचायतीला देता आलं असतं. मी साहेबांना विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिमेंट कालवून भोकात सोडलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. तू पुढं आलीस. "पाणी लागलं ना? मंग बुजवून काहून राह्यले?"

मी तुला बाभळीखाली नेलं आणि सगळं सांगितलं. कचरा म्हणजे काय, तो किती वर्षं जहाल राहतो, खडकात पाणी का नको. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हणजे इथं पाणी न्हाई लागलं असतं, तर तुम्ही खूश झाले असते." तू पुढं विचारलंस, "अन् पुरलेलं उद्या फुटलं तर? वर विहिरी दोन हायेत, गावची अन् आपली. खाली पाणी एकच हाय." मी म्हटलं, माय, इथं काही पुरणार नाहीत, आता तर नाहीच. तू मान हलवलीस. "तू खोटं बोलला ते बोलला. माझ्या तोंडून काहून बोलवलं?"

आणि मग तू त्या बायकांकडं गेलीस. माझ्याकडं बोट दाखवलं असतंस तरी चाललं असतं. तू म्हणालीस, "माझंच ऐकण्यात चुकलं. त्यानं दगड तपासायचा म्हणून सांगितलं व्हतं. मला पाणी ऐकू आलं." कुणी शिव्या दिल्या नाहीत. एकेक बाई घागर उचलून निघून गेली. मी जीपमध्ये सामान भरत होतो. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीला आलो तेव्हा पाहिलं, तू विहिरीवर सगळ्यांच्या मागून जात होतीस आणि तळाचं गढूळ पाणी आणत होतीस. कुणी तुला मागं लोटलं नव्हतं. तूच थांबायचीस. तेव्हा मी वस्तीत जाऊन दोन वाक्यं बोललो असतो तर पुरलं असतं. नाही बोललो. मी तुला पाणी गाळायला नवं फडकं आणून दिलं.

पुढं बढत्या मिळाल्या. एकदा अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन नेणाऱ्या गाडीबरोबर जायची पाळी आली. खोलीएवढं पोलादी पिंप, पुढं-मागं पोलीस, गाडी बैलगाडीच्या चालीनं. एका चहाच्या टपरीवरच्या बाईनं विचारलं, हे काय आहे? ड्रायव्हर म्हणाला, साखर कारखान्याचा बॉयलर. मी चहा पीत राहिलो. त्या पिंपाची मला भीती नव्हती, ते भक्कम होतं. तो कचरा कुठंतरी नीट ठेवावाच लागणार, हेही मी आजसुद्धा मानतो. कायमची जागा अजून ठरलेली नाही. पण त्या बाईला खरं सांगून तिचं म्हणणं ऐकावं, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. तेव्हा तू वारली होतीस. गाडीत बसल्यावर तुझी फार आठवण आली.

निवृत्त झाल्यावर मी आताच्या सरपंचांना माळावरची ती जागा दाखवली, खोली सांगितली. त्यांनी बोअरची गाडी आणली. सांगितलेल्या खोलीच्या खाली शंभर फूट गेले. नुसता फुफाटा उडाला. आता शेतोशेती बोअर झालेत, खालचं पाणी केव्हाच उपसून गेलंय. सरपंच म्हणाले, "साहेब, पंधरा-वीस वर्षं आधी सांगायचं व्हतं." त्याच संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन सगळं बोललो.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. ओट्यावरही मी लोकांना हेच सांगितलं की साहेबांची ताकीद होती, माझा इलाज नव्हता. तसं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा "दगड तपासायला आलोय" एवढं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. तो शब्द माझ्या तोंडात आलाही होता. पण तू तव्यावरची भाकरी तशीच सोडून माझ्याकडं बघत होतीस, आणि लेकानं गावात पाणी आणलं म्हटल्यावर तुझं तोंड कसं फुलतं ते मला बघायचं होतं. ते बघितलं. मला बरं वाटलं, माय.