वर तेच खाली

आबा, तुमचा फोटो हायवेला लागलाय. माझ्या लग्नातला, फेटा बांधलेला. शेजारी उभी असलेली मी मात्र खांद्यापासून कापली गेलेय. खाली मोठ्या अक्षरांत तुमचंच वाक्य, ‘वर तेच खाली’. आपल्या भागातलं डाळिंब यापुढं एकाच नावानं विकायचं ठरलंय. बागायतदार, दुकानदार, शाळासुद्धा त्यात आहेत. बावड्यापासून पळसदेवपर्यंत प्रत्येक पेटीवर तुमच्या फेट्याचं स्टिकर. पहिल्यांदा तो फलक दिसला तेव्हा गाडी बाजूला घेऊन मी तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते, तेही आज सांगून टाकते.

पेट्या मी भरायचे, हे फलकावर नाही. आठवीत होते. शाळेच्या आधी गोठ्यालगतच्या छपरात बसायचे. तळाला तेल्या रोगाचे काळे डाग पडलेली फळं, त्यावर कागदाची कात्रणं, आणि वर लालभडक, निवडून काढलेला थर. तुम्ही डोक्याशी उभं राहून शिकवायचात, "डाग खाली कर. व्यापारी काय पेटी उपडी करत न्हाय."

एकानं केली. भर बाजारात. मी तुमच्या शेजारीच होते, आणि तुम्ही क्षणभरही घुटमळला नाहीत. "पोरीनं भरलीया ती. सांगितलं एक, केलं एक." मग माझ्याकडं वळून, "बोल की, तूच भरलीस न्हवं?" मी व्हय म्हणाले, कारण भरली मीच होती. तुम्ही ती पेटी सगळ्यांदेखत टेम्पोत परत टाकलीत आणि म्हणालात, "माझ्या मालात वर तेच खाली." तिथून तुमचं नाव झालं. मला गावातल्या बाया लग्न होईपर्यंत लबाड म्हणत राहिल्या. येताना तुम्ही जिलबी घेऊन दिलीत. ती मी तुमच्यादेखत कोंबड्यांना टाकली.

बाग आता मी बघते. तेल्या अजून येतो. डागी माल मी वेगळा काढून रसवाल्याला देते, माझी पेटी कुणीही उपडी करावी. मागच्या आठवड्यात या डाळिंबाच्या समितीचे तात्या घरी आले. "ताई, नव्या नावाच्या उद्घाटनाला तुमी बोला. आबांची ती पेटीची गोष्ट सांगा."

"खरी सांगू?"

"खरीच सांगा की."

काल ठरवूनच गेले होते, आबा. सगळं सांगायचं आणि फलक उतरवायला लावायचा. माइक हातात आला. समोर तालुक्यातले बागायतदार, आणि सकाळपासून स्टिकर चिकटवून बोटं चिकट झालेल्या त्यांच्या बायका. मी म्हणाले, "लहानपणी एक पेटी माझ्या हातून चुकीची भरली गेली. आबांनी ती सगळ्यांसमोर परत घेतली."

तेव्हा तुम्ही बोलायला लावलं होतंत. काल कुणीच लावलं नव्हतं. घरी सांगितलं, गावाच्या नावासाठी बोलले, आणि सगळ्यांना ते पटलंही. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, तसा समज करून घेऊ नका. हा कागद फाडून मी उद्याच्या पेटीच्या कात्रणांत टाकणार आहे. एक लिहायचं राहिलं होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा मला बरं वाटलं.