थोरला कोण?

प्रिय अयोका,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच. तुझ्या आणि देलेच्या, दोघांच्याही रक्तात सिकलसेलचा अंश आहे, लग्नाआधी विचार कर, असं मी म्हणाले, तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. राग ठेव, हवा तेवढा. आज तो विषय नाही.

इबादानच्या आमच्या ऑफिसाने दवाखान्यांसाठी नोंदणीचं सॉफ्टवेअर केलं, हे आईने सांगितलं असेल. बाळांना नंबर कसला द्यायचा यावर आठवडाभर डोकेफोड झाली. मी म्हणत होते, ज्यातून काहीच कळणार नाही असा नुसता नंबर द्या. आमचे आदेयांजू साहेब हसले. "पोरी, लॉटरीची तिकिटं विकायला बसलीस का? बाळाच्या आईचा फोन नंबर घ्या, जुळी असतील तर पुढे एक आणि दोन. लोकांच्या तोंडी तरी बसेल." मी भांडले, हरले. घरात जुळी झाली की त्यांच्या नावाने शिजवून वाटतात ती चवळी खाऊन वाढलेली माणसं आम्ही सगळी, पण जुळ्यांतला एक म्हणजे कोण, हे कुणीच विचारलं नाही.

तुझी जुळी झाली तेव्हा त्याच सॉफ्टवेअरमध्ये नर्सने आधी बाहेर आला त्याला एक धरलं, म्हणजे ताइवोला. पुढे रक्त तपासायला नेलंस तेव्हा खिडकीवरच्या माणसाने विचारलं, थोरला कोण? तू केहिंदेला पुढे केलंस. आपल्यातलं कुणीही तेच करेल. आपल्यात मागून येतो तोच थोरला, म्हणजे केहिंदेच; त्यानेच धाकट्याला जग कसं आहे ते बघायला आधी धाडलेलं. त्याच्या रक्ताच्या बाटलीवर 'एक' लिहिलं गेलं, आणि सिकलसेलचा आजार असल्याचा अहवाल ताइवोच्या नावाने आला.

काल आई सहज बोलता बोलता खिडकीवरची ती गोष्ट सांगून गेली. वर म्हणाली, केहिंदेचे हातपाय सुजलेत, रडून घर डोक्यावर घेतलंय, दात येत असतील. अयोका, ते दात नाहीत गं, सिकलसेलमध्ये बाळांचे हातपाय असेच सुजतात. औषध ताइवो पितोय आणि आजारी केहिंदे आहे. आईकडून निरोप धाडला, तर तू म्हणालीस, आता माझ्या धडधाकट पोरालाही नजर लावायला निघाली. दवाखान्यात फोन केला, ते म्हणतात नंबर जुळतोय. जुळणारच.

म्हणून सकाळीच तुझ्याकडे ओग्बोमोशोला आले. दोनदा फाटक वाजवलं, तू पडदा ओढून घेतलास. आता हे पत्र फाटकाखालून सरकवतेय. गाडी चालूच ठेवली आहे. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. फक्त केहिंदेला उचल आणि ये.

तुझीच,
मोरेनिके