डाव्या बाजूला बसून

बाबा, मला तुमच्या डोळ्यांचा हेवा वाटतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता हे सांगते आहे. जन्मभर एसटी चालवलीत, रिटायर झाल्यावर अंगणातल्या खुर्चीत बसून फाट्यावर थांबलेल्या गाडीचा बोर्ड वाचायचात. शेवटच्या आजारपणात हातपाय थकले, जेवण सुटलं, तरी खिडकीतून बघून शेजाऱ्यांची म्हैस आपल्या कुळथात शिरली म्हणून ओरडायचात, आणि म्हैस खरंच शिरलेली असायची. तुमचे डोळे माझ्यात उतरलेत असं सगळे म्हणायचे आणि मी ते खरं मानून चालले. भावाला तुम्ही गाडी शिकवायला घेतलीत, तो लगेच कंटाळला. मग एका दुपारी मित्राची जीप मागून आणलीत आणि मला घेऊन सड्यावर गेलात. सगळीकडे कातळ, आपटायला एक झाड नाही. "गियराकडे काय बघतंस गो? गियर खंय पळान जाणा नाय. रस्तो बघ." मी हसले आणि जीप बंद पडली. मुलाला सोडून मुलीला शिकवता म्हणून घरी आई धुसफुसत होती, चेडवाक गाडी कित्याक व्हयी म्हणून. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा मला घेऊन निघालात. मला कुणी याहून मोठं काही दिलेलं नाही.

लग्नानंतर आम्ही व्हॅन घेतली ती तुम्ही पाहिली नाहीत. आमचे काजू, आंबे कट्टा गावच्या बाजारात मीच न्यायचे. कुणाची सून अडली, कुणाच्या सासऱ्याच्या छातीत दुखलं की लोक आमच्याच दारात यायचे. यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, त्यांना गाडीत बसल्याबसल्या झोप येते. गावात गाडी चालवणारी बाई मी एकटी, आणि त्याची मला घमेंड होती. ती अजून आहे, फक्त आता तिला बसायला जागा राहिलेली नाही.

गेल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत एकदा डोकं फार दुखलं. ऊन लागलं असेल म्हणून सरबत पिऊन झोपले. त्यानंतर गाडी डावीकडे घासायला लागली. दगडी गडग्याला घासली, मग राखणदार देवाचा दगड आहे त्या वळणावर आरसा तुटला, आणि थोड्या दिवसांनी त्याच वळणावर नवा आरसाही तुटला. तुम्हाला माहीत आहे, त्या वळणावर हॉर्न वाजवून, हात कपाळाला लावून मगच पुढे जायचं. हे म्हणाले, "तू हॉर्न वाजवक नाय असतलंस. राखणदार कोपलो." मीही मान डोलवली. बाबा, मला ते पटलं होतं! नारळ घेतला, विडी घेतली, आणि यांनी दगडासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराकडसून काय चूकमाक झाली असात तर पोटात घाल, तिची गाडी सांभाळ." मागे उभी राहून मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. येताना गाडी मीच चालवली आणि फाटकाचा डावा खांब घासला. हे म्हणाले, देवाला थोडा वेळ द्यायला हवा.

मग शेजारची बाई गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. मला भारा दिसला नाही, बाईही दिसली नाही. तिने गटारात उडी मारली म्हणून वाचली. चिखलातून उठून ती ओरडत होती, "गो, एवढा भारा डोक्यार, तुका दिसाक नाय?" मी उलट तिलाच विचारत होते, "तू खंय होतंस?" कारण माझ्यासाठी ती खरोखर कुठेच नव्हती. त्या रात्री वर्तमानपत्र वाचायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की ओळीची सुरुवात मला शोधावी लागते.

कुडाळच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि मेंदूचा फोटो काढायला पाठवलं. मग म्हणाले, "काकी, डोळे तुमचे उत्तम आहेत. मेंदूचा मागचा भाग उजवीकडे दुखावलाय, तिथला रक्तपुरवठा थांबला होता. म्हणून दोन्ही डोळ्यांना डाव्या बाजूचं कळत नाही." परत कधी दिसेल म्हणून विचारलं. म्हणाले, जे सुधारायचं ते पहिल्या काही महिन्यांत सुधारतं, आणि ते महिने तर गेले. गाडीचं विचारायला माझी जीभ रेटेना, तर ते आपणहून म्हणाले, "गाडी चालवायची नाही. कुणाचा तरी जीव जाईल." डावीकडे काळोख असता तर मला आधीच कळलं असतं. पण काळोख नाही, काहीच नाही. आपल्या पाठीमागे काय दिसतं असं कुणी विचारलं तर काय सांगणार, तसं.

आता गाडी सून चालवते. मुलगा गोव्यात नोकरीला, शनिवारी येतो, तेव्हा घरात दुसरं कोण होतं? ती खारेपाटणकडची, कणकवलीला क्लास लावून शिकली. क्लास लावून, बाबा! तिला सड्यावर कुणी नेलं नाही, गियर पळून जात नाही असं कुणी सांगितलं नाही, आणि तरी गाडी तिच्या हातात अशी चालते की मला आतून जळायला होतं. सीट पुढे ओढलेली असते, आरसा तिच्या उंचीला लावलेला असतो. कट्ट्याला भाजीवाली मला म्हणते, "काकी, सून बाकी झकास गाडी चलयता हां!" मी "होय तर" म्हणाले आणि रागाच्या भरात किडकी वांगी घेऊन आले. सुनेने किडकं कापून उरलेल्याची भाजी केली. चांगली झाली होती, त्याचाही मला राग आला.

गाडीत मी तिच्या डावीकडे बसते, म्हणजे ती माझ्या उजवीकडे. माझी शाबूत राहिलेली बाजू तीच. रस्ता मला अर्धा दिसतो, सून मात्र पुरी दिसते, तिचे हात, क्लचवरचा पाय, सगळं. डोळे मिटले तरच सुटका.

हमरस्त्याला लागताना ती विचारते, "आई, तुमच्या बाजून कोण येता काय बघा मां." पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मान न वळवताच म्हटलं, "कोण नाय, जा." ती गेली नाही. डावीकडून आलेली स्कूटर समोरून निघून गेली, मग तिने गाडी काढली. त्या दिवसापासून माझं लक्ष आहे. ती मला विचारते, आणि मी सांगेपर्यंत स्वतः पुढे वाकून बघून घेते. दर वेळी विचारते. म्हातारीला काही काम असावं म्हणून विचारते. तिने एकदा जरी उर्मटपणा केला असता तर मला किती बरं वाटलं असतं.

आता मी हनुवटी खांद्याला लागेपर्यंत मान वळवते. काल कट्ट्याच्या नाक्यावर अशीच वळवली, तर टेम्पो येत होता. मी जोरात ओरडले, "थांब!" गाडी आधीच उभी होती. "बघलंय, आई," ती म्हणाली, अगदी हळू.

हे कागद मी चुलीत घालणार आहे, घरात कुणाच्या हाती लागायला नकोत. तुम्ही असतात तर तुमच्यासमोरही तोंड उघडलं नसतं. पण मला वाटतं, बाबा, एकदा तरी येणारी गाडी सुनेला दिसू नये आणि मला दिसावी. मागच्या सीटवर माझी नात बसलेली असते, तरीही वाटतं.