दिवसा बूच, रात्री नळी

१४ फेब्रुवारी १९८२, रविवार

नांदगावची मंडळी येऊन गेली. सुजाताचं नक्की झालं. मुलगा रेल्वेत. बोलतो कमी, पण पोहे खाऊन झाल्यावर बशी स्वतः उचलून आत नेली. शांताला तेवढं पुरलं.

लग्न मेमध्ये, कॉलनीतल्या विहारासमोर मांडव घालून. विधी कोण लावणार, असं व्याह्यांनी विचारलं. म्हणालो, मीच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलींची लावतो आहे, स्वतःच्या मुलीचं का नको? एवढं बोलताना मध्ये दोनदा थांबावं लागलं. व्याही गळ्यातल्या मफलरकडे बघत राहिले. भर दुपारी मफलर, बघणारच. शेवटी सोडूनच दाखवला. गळ्यात नळी, नळीच्या तोंडाला बूच. सांगितलं, झोपेत श्वास अडकायचा, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून ही बसवली. रात्री उघडी ठेवायची, दिवसा बंद. उघडी असली की आवाज फुटत नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "दुखतं का हो?"

दुखत नाही. दुखत असतं तर कुठे काय बिघडलंय ते तरी कळलं असतं.

१७ फेब्रु.

नळीची निंदा करायची नाही, असं स्वतःला बजावलं. नळीआधी काय होतं ते आठवावं. कारखान्यात लेथवर उभ्या उभ्या डुलकी लागायची. चालू लेथवर. साहेबांनी मशीन काढून घेऊन स्टोअरमध्ये बसवलं, तेव्हा मनातून बरंच वाटलं होतं, एवढी भीती होती. रात्री शां. उशाशी बसून राहायची. श्वास थांबला की हलवायची. आता ती झोपते, मीही झोपतो. सकाळी डोकं हलकं. हे सगळं नळीचं देणं.

पण दिवसा हा दम कुठला? स्टोअरमधून गेटपर्यंत गेलो तरी छाती भरते. नळीआधी असा दम नव्हता, की होता आणि झोपेच्या गुंगीत कळला नाही? नक्की सांगता येत नाही, याचाच राग येतो.

२८ फेब्रु., रवि.

विहारात मुलांचा वर्ग घेतला, मग सगळे गेल्यावर सराव. मंगल गाथा म्हणायला घेतल्या. माझा नियम जुना आहे: ओळ एका श्वासात. शब्द मध्ये तोडायचा नाही. सातवी शिकलेल्या माणसाने मागून आणलेल्या पुस्तकांवरून पाली उभी केली ती धांदलीने म्हणण्यासाठी नाही.

आज पहिल्याच गाथेत ओळ तुटली. दुसऱ्या गाथेत शब्द तुटला.

वाघमारे मास्तर दाराशी होता. प्राथमिक शाळेत शिकवतो, गाथा माझ्याकडे शिकला. म्हणाला, "नाना, पुढचं मी म्हणू का?" उत्तर दिलं नाही. दम नव्हता म्हणून नाही. असता तरी दिलं नसतं.

९ मार्च

कारण सापडलं असं वाटतं. सरळ आहे. बूच लावलं की हवा नळीतून जात नाही, नळीच्या बाजूने जाते. श्वासनलिकेत नळीनेच जागा खाल्लेली. म्हणजे उरते ती फट. फटीतून माणूस किती ओढणार? जेवणाच्या सुट्टीत नायलॉनचं नवं बूच काढलं, मधोमध बारीक भोक. व्हर्नियरने माप घेऊन. जुन्या लेथवर बऱ्याच दिवसांनी हात ठेवला, डुलकी आली नाही.

घरी लावून बघितलं. श्वासाला किंचित बरं. पण बोलताना भोकातून फुस्स आवाज. सुजाता स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, बाबांची शिट्टी झाली. गॅस बंद करू?" सगळे हसलो. हसतानाही दम लागला. भोकाचं बूच पेटीत टाकलं.

बोट लावून बोलता येतं, डॉ.नी तसं शिकवलंही आहे. पण गाथा म्हणताना दोन्ही हात जोडलेले हवेत. एका हाताने गळा धरून मुलीचं लग्न लावायचं?

२२ मार्च

नाशिकच्या डॉ.कडे गेलो. त्यांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, खूप वेळ ऐकली. म्हणाले, "अशी नळी मी घशाच्या कॅन्सरमध्ये बघितली. झोपेसाठी घातलेली तुमचीच पहिली. मी काही सांगणं म्हणजे अंधारात दगड." माणूस खरं बोलला. छातीचा एक्स-रे फोटो काढायला सांगितला. फोटो स्वच्छ आला.

मुंबईला पत्र टाकलं. नळीची आकृती काढून, मापं देऊन, बाजूची फट रेघा मारून दाखवली. बारीक नळी घालता येईल का, एवढा एकच प्रश्न.

शां. म्हणाली, "लग्नाची यादी करा म्हटलं तर कागद सापडत नाही. नळीला बरा सापडला."

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक कॉलनीतून निघाली. दरवर्षी पुढे असतो, या वर्षी ओट्यावर खुर्ची टाकून बघितली. पोरं येऊन जयभीम करून गेली. प्रत्येकाला हात वर करून उत्तर. बूच काढून ठेवलेलं होतं, दम वाचवायला. एकाने आईला विचारलं, नाना रागावलेत का?

२३ एप्रिल, शुक्र.

मुंबईहून परत. डॉ.नी आकृती बघितली, हसले नाहीत. म्हणाले, "विचार बरोबर आहे." बारीक नळी घातली. बूच लावून बोलायला सांगितलं. आवाज मोकळा, पूर्वीसारखा. तिथेच खोलीत एक गाथा म्हटली. ओळी अखंड. नर्सबाई हातातलं काम सोडून उभ्या राहिल्या. परत येताना गाडीत खिडकीशी बसून मनातल्या मनात सगळा विधी लावला.

नाशिकरोडला उतरलो. शां. पुढे, पिशवी तिच्याकडे. पुलाच्या पायऱ्या चढायला लागलो. गर्दीत कुणाशी बोलायचं नव्हतं म्हणून बूच आधीच काढून खिशात ठेवलं होतं. भोक पूर्ण उघडं. कसली फट नाही, कसली अडचण नाही. अर्ध्या पुलावर थांबलो. छाती भात्यासारखी. लोक वळून वळून जात होते. शां. परत खाली आली, म्हणाली, "बूच काढा ना आधी." खिशातून काढून तिला दाखवलं.

तिने दंड धरून मला कठड्याशी टेकवलं. मला बोलताच येत नव्हतं.

२४ एप्रिल

म्हणजे बूच नव्हे. निदान एकटं बूच नव्हे.

मुंबईहून निघताना डॉ.ना विचारलं होतं, बारीक नळीनेही राहिलं तर? त्यांनी बोटं मोजली. हृदय असेल. फुप्फुस असेल. रक्त कमी असेल. वजन असेल. इतकी वर्षं झोपेत श्वास कोंडला, त्याचं मागे राहिलेलं काही असेल. "की नळीचंच?" विचारलं. म्हणाले, "असू शकतं. तुमच्यासारखे पेशंट फार थोडे आहेत, नाना. रात्रीचं आम्हाला कळायला लागलंय. दिवसा त्यांचं काय होतं, ते अजून नीट कुणाला माहीत नाही." ते नाना म्हणाले. शां.चं ऐकून.

त्या वेळी कान दिला नाही. आवाज परत मिळाल्याच्या खुशीत होतो.

मशीन बिघडलं की मी एक एक भाग काढून बाजूला ठेवतो. उरतो तो दोषी. इथे काढायला एकच भाग होता. काढून झाला.

२ मे, रवि.

शांताने काल विषय काढला. विधी वाघमारेने लावावा, तुम्ही बापासारखं पुढे बसावं. "मुलगी निघताना बाप म्हणून तुम्ही हवेत मला. धापा टाकणारा आचार्य नकोय." मी म्हणालो, दोन्ही मीच आहे. "दोन्हीला पुरेल एवढा श्वास हाय का?" चिडली की तिची सिन्नरकडची बोली येते.

सुजाता भाजी निवडत होती. मान खाली ठेवून म्हणाली, "बाबाच म्हणतील. अर्ध्यात राहिलं तर अर्धं. मला चालेल."

"अर्धं लग्न लागत नसतं," मी.

"मग पुरं लावा," ती.

आता हिचं काय करायचं.

११ मे

एक गोष्ट लक्षात आली. त्रिसरण-पंचशील मी म्हणतो आणि मांडव मागून म्हणतो. मांडव म्हणत असताना मला श्वास घ्यायला सवड. वधूवरांची प्रतिज्ञा तशीच, मी सांगायची, त्यांनी म्हणायची. अडचण फक्त मंगल गाथांची. त्या एकट्याने, सलग. बसून म्हणाव्यात? बसून लावलेलं मी कधी बघितलं नाही.

सरावात आज तीन गाथा गेल्या. काल चार गेल्या होत्या. परवा दोन. कशावर अवलंबून आहे, काही कळत नाही. ऊन नाही, जेवण नाही, झोप नाही. सगळं ताडून बघितलं.

वाघमारेला सांगितलं, बाजूला उभा राहा. मी हात केला तरच पुढचं म्हणायचं. "हात केला तरच, नाना," तो म्हणाला. नंतर आठवलं, हात जोडलेले असणार. हात करणार कसा?

१७ मे, सोम.

लग्न लागलं.

काल शब्द सुचत नव्हते, आज लिहितो. मांडव भरलेला, उकाडा. मफलर सोडून ठेवला, लपवायचं काय त्यात. बूच घातलं. त्रिसरण, पंचशील नीट. मी एक ओळ, मांडव एक ओळ, त्यात माझा श्वास. प्रतिज्ञा नीट. जावयाचा आवाज बारीक, सुजाताचा खणखणीत. लोक हसले.

मंगल गाथा. पहिली अखंड. दुसरी अखंड. तिसरीच्या मध्यावर छातीत काही उरलंच नाही. ओळ तुटली नाही, ओळ आलीच नाही. हात जोडलेले. बूच काढायला हात सोडायला हवेत, आणि ते सुटेनात. सुजाता माझ्याकडे बघत होती. वाघमारेही. त्याने शब्द पाळला, गप्प राहिला. मी त्याला का बांधून ठेवलं होतं?

मग बायकांच्या बाजूने ओळ आली. कुणी सुरू केली ठाऊक नाही. रविवारच्या वर्गातली पोरं मिळाली, मग पुरुष. सगळा मांडव म्हणायला लागला. तेव्हा हात सोडले आणि बूच काढलं. श्वास आला, आवाज गेला. शेवटपर्यंत नुसते ओठ हलवत उभा होतो. मी शिकवलं त्यापेक्षा भरभर म्हणत होते. थांबवणार कसं? फुलं पडली.

जेवताना व्याही जवळ आले. म्हणाले, "फार छान लावलंत. सगळ्यांना बरोबर घेऊन." त्यांना समजलंच नव्हतं. कुणाला समजलं नव्हतं. शां. आणि सुजाता सोडून.

निघताना सुजाता गळ्यात पडली. नळीला धक्का लागू नये म्हणून मान वाकडी करून. कानात म्हणाली, "पुरं लागलं, बाबा."

२६ मे

हृदयाची पट्टी, ई.सी.जी., काढली. "तशी ठीक आहे," नाशिकचे डॉ. तशी म्हणजे कशी, विचारलं. म्हणाले, आणखी तपासण्या मुंबईलाच. जून अखेरची वेळ मिळाली आहे. रात्रीची झोप उत्तम. डॉ.नी तेच दोनदा विचारलं आणि दोनदा खुशीने लिहून घेतलं.

आज भाजीबाजारातून येताना चार ठिकाणी थांबलो. चौथ्या ठिकाणी रसवंतीवाल्याने स्टूल दिलं, रसाचं विचारलंही नाही.

घर शांत आहे. शां. दोन माणसांचा स्वयंपाक अजून तिघांचा करते.

६ जून, रवि.

दुपारी पडलो होतो. बूच काढून टेबलावर. जावयाच्या नात्यातले एक गृहस्थ आले, नांदगावच्या बाजूच्या खेड्यातले. शां. विहारात गेलेली. ते आपणच खुर्ची ओढून बसले. मुलाचं लग्न आहे म्हणाले, पाऊस लागायच्या आत.

"नाना, तुमीच लावा. त्या दिवशी मांडवात मी व्हतो. आमच्याकडं आचार्य एकटाच म्हणतो, लोक आपले फुलं हातात धरून गप्पा हानत्यात. तुमच्या लग्नात सगळा मांडव बोलला. अशी रीत लय आवडली आपल्याला."

ही रीत नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी कान पुढे केला. ओठ हलले असतील, बाकी काही नाही. गळ्याकडे बोट केलं. ते म्हणाले, "ठाऊक हाय, ठाऊक हाय. सावकाश." थोडा वेळ थांबले. मग उठले, हात जोडले, "मग तुमालाच धरतो," म्हणाले आणि गेले.

शां. आल्यावर तिला लिहून सांगितलं. तिने विचारलं, "हो म्हणालात?"

हो म्हणालेलो नाही. नाही म्हणायला बूच लावावं लागलं असतं. ते टेबलावर होतं, आणि त्या वेळी टेबलापर्यंत उठण्याइतका दम नव्हता.