वगळलेलं प्रकरण

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार.

काल वाचनालयात माझ्या कादंबरीवर सह्या करायला बसले होते. पुस्तक पदरच्या पैशांनी छापलेलं, म्हणून टेबलही मीच पुसलं. पहिली प्रत देवापुढे ठेवली होती, दुसरी कोणी घेईना. तेवढ्यात वहिनी आल्या. मी तुला भीत भीत पाठवलेली प्रत त्यांनी सहीसाठी पुढे केली. पानांचे कोपरे दुमडलेले होते.

"वन्सं, यांनी उलटसुलट वाचलीय."

घरातलं चव्हाट्यावर आणलंस तर माहेर बंद, असं तूच बजावलं होतंस. मी विचारलं, "दादा चिडलाय?"

"चिडतायत कसले, रुसलेत! म्हणतात, अख्खी गल्ली आहे हिच्या पुस्तकात, शेजारची मांजरसुद्धा आहे. मीच तेवढा नाही."

दादा, तू होतास. आई गेल्यावर तू माझ्या वाकड्यातिकड्या वेण्या घालून मला शाळेत सोडायचास, त्याचं एक प्रकरणच होतं. तुझ्या धाकाने काढून टाकलं. पण त्या प्रकरणाचे पाठकोरे कागद माझ्याने टाकवत नाहीत, म्हणून हे पत्र त्यांच्यावरच लिहिलंय.

आता पाठवू कसं? तू पान उलटणार. आणि तुला रडताना वहिनींनी पाहिलं, तर माझं माहेर खरंच बंद होईल.

तुझी,
धाकटी