निळी गाडी कोणाच्या नावे

मी, सोनुनबूबू, इसाबेकची मुलगी आणि मरहूम कासिमअलीची बायको, राहणार नारिन शहर, बिश्केककडे जाणाऱ्या टॅक्सींच्या अड्ड्याला लागून असलेले दोन खोल्यांचे घर, वय कागदावर अठ्ठ्याहत्तर आणि गुडघ्यांत त्याहून बरेच जास्त, अल्लाला स्मरून हे मृत्युपत्र सांगत आहे. सांगत आहे, कारण मला लिहिता येत नाही. माझ्या लहानपणी या देशात एकही निरक्षर माणूस उरला नाही असे सरकारने जाहीर केले होते. तेव्हा मी वरच्या कुरणात मेंढ्यांमागे होते. मला कोणी कळवले नाही.

लिहून घेणारी नोटरीच्या कचेरीतली नुरजात. माझी बुद्धी शाबूत आहे का हे पाहण्यासाठी तिने मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि तिच्या सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात गेली आहे हेही सांगितले. तिने "बुद्धी शाबूत" असे लिहिले.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगा तेमिरकुल आणि त्याचा मुलगा एर्निस बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसले आहेत, मध्ये अख्खे कुटुंब मावेल एवढी जागा सोडून. दोघांना एकच गोष्ट हवी आहे: माझ्या नावावरची निळी गाडी. दोन हिवाळे बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत. सूनबाई जिपार दोन किटल्यांत चहा करते. "त्याला सांग, मीठ सरकव," असे बाप म्हणतो, तेव्हा मीठ त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर असते.

कलम एक. राहते घर, अंगण आणि अंगणातले जर्दाळूचे झाड जिपारच्या नावे करावे. सून म्हणून नाही. दोन किटल्यांबद्दल. तिला वाटल्यास तिने तेमिरकुल आणि एर्निस यांना तिथे राहू द्यावे. वाटल्यास हा शब्द नुरजातने ठळक लिहावा.

कलम दोन. लोकरीच्या नमद्याचे दोन गालिचे, रजयांची चळत आणि पत्र्याची पेटी, हीसुद्धा जिपारला. माझे सोन्याचे दोन दात माझ्याबरोबर जातील. मुल्लांची हरकत असल्यास त्यांनी स्वतः येऊन तोंडात हात घालावा.

कलम तीन. एर्निसने दिलेला फोन एर्निसला परत द्यावा. त्यात राहणाऱ्या बाईला नारिनबद्दल काहीही माहिती नाही. "उजवीकडे वळा," असे ती सांगते तिथे नदी आहे.

कलम चार. माझा धंदा. हा वारसाने कोणाला देता येत नाही, तरी नोंद असावी. अड्ड्यावरची गाडी चार माणसे भरल्याशिवाय सुटत नाही, आणि रिकाम्या गाडीत पहिले बसायला कोणी धजत नाही. म्हणून ड्रायव्हर मला मागच्या सीटवर बसवायचे. डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर बोचके. ड्रायव्हर ओरडायचा, "बिश्केक! बिश्केक! म्हातारी केव्हाची खोळंबलीय, एकच सीट राहिली!" मी कण्हायचे, "निघ रे बाबा, लेक वाट बघते माझी." लोकांना दया यायची, बायकांना धीर यायचा, गाडी भरायची. चौथा माणूस आला की मला काहीतरी घरी विसरल्याचे आठवायचे आणि मी उतरायचे. दर गाडीमागे एक गरम रोटी आणि चहा. बावीस वर्षे मी रोज सहा वेळा बिश्केकला निघाले आणि एकदाही अड्ड्याचे वळण ओलांडले नाही. अड्ड्यावर माझ्याइतके चांगले कण्हणारे कोणी नव्हते, हे तेमिरकुलसुद्धा मान्य करील. त्याच्या गाडीत तर मी फुकट कण्हत असे.

मग एर्निसचे अ‍ॅप आले. माणूस फोनवर बोट लावतो, गाडी दारात येते, एकटा बसतो, जातो. कण्हायला जागाच नाही. भावसुद्धा आधीच ठरलेला. घासाघीस करता येत नाही, म्हणजे माणूस प्रवासाला निघाला आहे असे वाटतच नाही. उतरल्यावर ड्रायव्हरला तारे द्यायचे. मी एकदा एकाला विचारले, "तू कोणाचा रे? कुठल्या गावचा? लग्न का नाही केलंस?" तर म्हणे मलाही कमी तारे मिळाले.

भांडण अड्ड्यावर सर्वांदेखत झाले. एर्निस म्हणाला, "बाबा, तुम्ही गाडी चालवत नाही, माणसं साठवता." तेमिरकुल म्हणाला, "आणि तू तरी कुठं चालवतोस? फोन तुला चालवतो." दोघेही खरे बोलले, त्यामुळे तडजोडीला वाव राहिला नाही. तेव्हापासून एर्निस दुसऱ्याची गाडी भाड्याने चालवतो आणि बापाच्या हातातली निळी गाडी मी त्याला द्यावी म्हणून मला मिठाई आणतो. बापही आणतो. दोघांच्या मिठाईने माझी साखर वाढली, याचीही नोंद असावी.

कलम पाच. हे नीट लिही, नुरजात.

गेल्या पानगळीत सकाळी माझ्या छातीत दगड बसला. दवाखान्यातल्या डॉक्टरणीने कागद दिला: आजच्या आज बिश्केक. जिपार माहेरी होती. मी कागद घेऊन अड्ड्यावर गेले. रांगेत पहिला नंबर तेमिरकुलच्या गाडीचा होता. गाडीत दोघे बसलेले पाहून मला वाटले, लवकर सुटेल. मी बसले, आणि ते दोघे उतरले. ते खोटे प्रवासी होते. मीच शिकवलेले.

मी म्हटले, "तेमिर, मला खरंच जायचंय. छातीत दुखतंय रे."

त्याने डोळा मारला. "वा, आई! आज तर कमालच."

मी कागद हलवला, कण्हले, घाम पुसला. आजूबाजूचे ड्रायव्हर कौतुकाने पाहत होते. "बघा, बघा, हिला म्हणतात काम!" एक जोडपे हळहळून आत बसले. मग एक फौजी. मग टोपीवाला एक गृहस्थ. सगळे माझ्या दुखण्यामुळे आले. गाडी भरली तसा माझा मुलगा मागचे दार उघडून म्हणाला, "झालं आई, उतर आता. रोटी चहावालीकडं ठेवलीय." माझ्या जागेवर टोपीवाला बसला आणि गाडी गेली.

मग मी एर्निसला फोन केला. तो चार मिनिटांत आला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी बसले. पहिल्याच चौकात फोन किणकिणला. एर्निस मला आपा म्हणतो; आमच्याकडे म्हातारीला तशीच हाक मारतात.

"आपा, हे भाडं नाकारलं तर माझे तारे उतरतात. दोनच मिनिटं."

केक घेतलेली एक मुलगी बसली. तिला नदीपलीकडे सोडले. मग पुन्हा किणकिण, एक शिक्षक. मग एक शिलाई मशीन आणि तिची मालकीण. प्रत्येक वेळी दोनच मिनिटं. तासाभरात मी सगळे नारिन पाहिले आणि आम्ही पुन्हा अड्ड्यासमोर आलो. मी तिथेच उतरले. एर्निस खिडकीतून म्हणाला, "आपा, आता नक्की निघू!" फोन किणकिणत होता.

पुलाजवळ मुकाश उभा होता. मुकाश कोण, तर ज्याच्याशी मी नऊ वर्षे बोलत नव्हते तो. चार सीटची वाट न बघता तो एकदोन माणसे घेऊन निघायचा, म्हणून त्याला अड्ड्यावरून काढले गेले, आणि काढा म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडणारी मीच होते. त्याच्या गाडीला मेंढ्यांचा वास येतो आणि एक दार दोरीने बांधलेले आहे. फोनही त्याला नीट वापरता येत नाही, त्यामुळे अ‍ॅपवाल्यांनीही त्याला घेतले नाही.

तो म्हणाला, "कुठं?"

"बिश्केक. पण अजून तीन जण..."

"बस."

"तीन सीट रिकाम्या आहेत रे तुझ्या."

"मला मोजता येतं. बस."

डोलोनच्या घाटापर्यंत आम्ही भांडलो. घाटाच्या पुढे मला बोलवेना, तेव्हा तो दोघांच्या वाटचे भांडला. बिश्केकच्या डॉक्टरांनी छातीत कसलीशी जाळी बसवली आणि म्हणाले, दोन तास उशीर झाला असता तर बसवायला कोणी राहिले नसते.

तेमिरकुल बिश्केकमध्येच होता, माझ्याआधी पोचलेला. दवाखान्यात आला तेव्हा त्याचे तोंड बघवत नव्हते. म्हणाला, "आई, तू रोजच इतकं चांगलं करायचीस. मला कसं कळणार?" त्यात माझाही वाटा होता. एर्निस दुसऱ्या दिवशी आला, फोन बंद करून. दोघे माझ्या खाटेच्या दोन बाजूंना बसले आणि माझ्यामार्फत एकमेकांना सांगू लागले की चूक कोणाची.

तेव्हा ठरवले. निळी गाडी, तिच्या दोन्ही किल्ल्या, जास्तीचे चाक आणि बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या यांसह, मुकाशच्या नावे करावी. त्याने आभार मानू नयेत. जुनी मेंढ्यांची गाडी रस्त्यावरून हटावी एवढाच माझा हेतू आहे, असे त्याला सांगावे. माझ्या मुलाने आणि नातवाने या कलमाविरुद्ध कोर्टात जायचे झाल्यास एकत्र जावे, एकाच गाडीने.

गाडी माझ्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर अड्ड्यावर, सगळ्या नंबरवाल्यांसमोर सुपूर्द करावी. मुकाशने ती चालू करावी आणि एकही प्रवासी नसताना बिश्केकला निघावे. तेमिरकुल आणि एर्निस यांना यायचे असल्यास त्यांनी मागे बसावे, शेजारी शेजारी. पुढची सीट कोणालाच नाही. सहा तास लागतात. घाटात फोनला रेंज नसते, आणि मध्ये मी नसेन.

नुरजातने आत्ता विचारले, "आपा, आणि ते बसलेच नाहीत तर?"

तर मुकाश निघेल. तो कोणासाठी थांबत नाही. म्हणून तर मी आज हे सांगायला जिवंत बसले आहे.

वरील सर्व मजकूर नुरजातने मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी ती हसली नाही. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे म्हणून खाली अंगठा उठवते.

(सोनुनबूबू इसाबेक यांच्या उजव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार:
१. बुरुलकान, अड्ड्यावरील चहावाली (सही)
२. अस्कारबेक, निवृत्त पशुवैद्य, शेजारी (सही)

लिहून घेणार: नुरजात, नोटरी कचेरी, नारिन
स्थळ: नारिन. गुरुवार, ता. १४ मार्च २०२४