सासऱ्यांच्या तेवीस कोळंब्या

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहिणार. कारण : जबाबदारी. सासरेबुवांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं आहेत, महिनाभर ते मेहुणीकडे राहणार. त्यामुळे त्यांची काचेची टाकी आपल्याकडे आली. आत गोड्या पाण्यातल्या तेवीस लाल कोळंब्या, प्रत्येक नखाएवढी. सासूबाई गेल्यापासून माणूस दिवसभर या टाकीसमोर बसतो.
सोबत एक कागद. सासरेबुवा निवृत्त ड्राफ्ट्समन, अक्षर छापल्यासारखं. उकडलेल्या पालेभाजीच्या पानाचा छोटा तुकडा, आठवड्यातून तीनदा. दोन तासांनी उरलेलं काढणे. बाकी काही करू नये. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.
साधा माणूस. पण पाणी हा त्यांचा विषय नाही. माझा आहे. नळ, शॉवर आणि पंपांच्या शोरूमचा मी अकरा वर्षं मॅनेजर आहे.

५ मार्च, बुधवार
टाकीचा अभ्यास केला. फिल्टर म्हणजे एक काळा स्पंज आणि त्यातून बुडबुडे. हसू आलं.
मत्स्यालयाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, कोळंबीला स्पंजच बरा, जोराचा फिल्टर बारीक जीव ओढून घेतो. बाईंना धंदा कळत नाही. दोनशे लिटरच्या टाकीचा फिल्टर घेतला. आपली टाकी तीस लिटरची. म्हणजे पाणी जवळजवळ सातपट स्वच्छ. शिवाय हीटर, निळा दिवा, आणि खाद्याचे सहा डबे : गोळ्या, चकत्या, कांड्या, दोन पावडरी आणि एक काय आहे ते डब्यावर नीट लिहिलेलं नाही. पानाच्या तुकड्यावर किती दिवस काढायचे बिचाऱ्यांनी?

६ मार्च, गुरुवार
सासरेबुवांचा फोन. कशा आहेत विचारलं. मजेत, म्हणालो. फिल्टरचं बोललो नाही. सरप्राइज.

८ मार्च, शनिवार
मोजल्या. एकवीस. दोन लपल्या असणार.
दुपारी ४ : फिल्टर उघडला. लपल्या नव्हत्या.
तोंडाला जाळी बांधली. हिचा जुना मोजा. शोध आपोआप लागतात.
पाणी थोडं दुधाळ. सहाही डब्यांतलं घालतोय, पण सगळं खात नाहीत. सवय लागेल.

११ मार्च, मंगळवार
फिल्टरची प्लॅस्टिकची नळी दिसायला भिकार. शोरूममधून तांब्याचा पाइप आणि वळणाला जोडायचे दोन एल्बो आणले, पॉलिश करून बसवले. टाकीला एकदम हॉटेलच्या लॉबीची कळा आली. हिला दाखवलं. ही म्हणाली, बाबांनी बाकी काही करू नये असं लिहिलंय. मी म्हणालो, हे काही करणं नव्हे, हे फिनिशिंग. ती पाइपाकडे बघत राहिली. बहुधा आवडला.

१२ मार्च, बुधवार
सासरेबुवांचं पहिलं ऑपरेशन झालं. संध्याकाळी फोन. आवाज अगदी खोल गेलेला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला धूसर, घर परकं, वेळ जात नाही. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून बोललो, एकीच्या पोटाखाली अंडी दिसतायत.
मग हसले. सासूबाई गेल्यानंतर त्यांना हसताना मी ऐकलंच नव्हतं. लगेच मेहुणीला हाका मारायला लागले.
अंडी नव्हती. पण असू शकली असती.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.३०
नऊ आडव्या.
संध्याकाळी : सगळ्या.

१५ मार्च, शनिवार
मत्स्यालयाच्या बाईंना विचारलं. एका मित्राच्या टाकीचं आहे असं सांगून. त्यांनी एकच विचारलं, पाण्याला कुठे तांबं लागतं का? कोळंबीला तांबं म्हणजे विष. हे पहिलीतल्या पोरालाही कळतं, असं म्हणाल्या नाहीत. चेहऱ्यावर होतं.
अकरा वर्षं मी लोकांना तांबं विकतोय.
संडासात ओतल्या. फ्लश आमच्याच शोरूमचा, जोर उत्तम. ही दारात उभी होती. बाबांना कोण सांगणार, एवढंच विचारलं. मी म्हणालो, मी. योग्य वेळी.

१७ मार्च, सोमवार
पाइप काढला. पाणी बदलून स्पंज परत लावला. तेवीस नव्या कोळंब्या आणल्या, हुबेहूब लाल. कोळंबीला काही चेहरा नसतो. हे फसवणं नव्हे, भरपाई.
फोन आला. अंड्यांचं काय झालं? मी म्हणालो, फुटली. किती? चाळीसेक.
चाळीस का म्हणालो, कळत नाही. दहाही चालली असती.
संकल्प : खरं सांगणे. दुसरं ऑपरेशन झालं की.

२१ मार्च, शुक्रवार
दुसरं झालं. आता लगेच सांगणं बरं नाही. डोळ्यांवर ताण येतो.
मेहुणी म्हणाली, बाबांनी नर्सला, डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांना पिल्लांचं सांगितलंय. ड्रॉइंगची जुनी पेनं धुऊन ठेवलीत. डोळे बरे झाले की पहिलं चित्र पिल्लांचं काढणार म्हणतात.

२९ मार्च, शनिवार
सासरेबुवा टाकी बघायला आले. बूट काढायच्या आधीच टाकीसमोर बसले. वीस मिनिटं. एक डोळा झाकून, मग दुसरा. मग भिंग मागितलं.
जावईबापू, पिल्लं कुठे बसतात?
शेवाळात, मी म्हणालो.
पुन्हा बघितलं. मोठ्या सगळ्या दिसतायत, म्हणाले, मिशासुद्धा दिसतायत. पिल्लं नाही दिसत. मग भिंग खाली ठेवून हिला अगदी हळू म्हणाले, ऑपरेशन नीट झालेलं दिसत नाही गं.
हिनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बोलायला हवं होतं. एकच वाक्य पुरलं असतं. मी पाणी आणायला आत गेलो आणि नळ सोडून तिथेच उभा राहिलो.

३१ मार्च, सोमवार
मेहुणी त्यांना परत डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डोळे फर्स्टक्लास. यांना पटेना. मग पिल्लं का दिसत नाहीत, हेच विचारत राहिले. मेहुणीचा फोन होता. पेनं परत डब्यात गेलीत. पेपरही मोठ्यानं वाचून दाखवायला सांगतात.
ही माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे.

२ एप्रिल, बुधवार
रजा घेतली. बसमध्ये कारणांची तयारी केली. वीज गेली होती. दुकानानं फसवलं. मुळातच म्हाताऱ्या झाल्या होत्या. मेहुणीच्या दारात पोचेपर्यंत एकही उरलं नाही.
ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फिल्टर, सहा डबे, पाइप, संडास, नव्या तेवीस. मेहुणी हातातलं कापड तसंच धरून उभी.
त्यांनी खिडकीबाहेर बघत आधी एक डोळा झाकला, नंतर दुसरा. मग म्हणाले, म्हणजे डोळे ठीक आहेत.
हो, म्हणालो. एकदम ठीक आहेत.
त्यांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. हलकं वाटायला लागलं. एक क्षण असंही वाटलं, की मी तसा धाडसी माणूस आहे.
मग विचारलं, आणि अंडी? ती तरी होती का?
नाही म्हणालो.
या वेळी ते माझ्याकडे नीट बघत होते. मी खाली बघितलं.
मी सगळ्यांना सांगितलं हो, म्हणाले. त्या नर्सनं तर पिल्लांचे फोटो मागितलेत.
मी म्हणालो, सगळ्यांना मी स्वतः जाऊन सांगतो. आत्ता जातो.
नको, म्हणाले. तुम्ही काही करू नका.